परदेशी लेक निघते, आपली लेक परतते

मे महिना लागला की काही घरांत भिंतीवरच्या एकाच कॅलेंडरवर दोन तारखांना गोल पडलेले असतात. एक तारीख वर्षभर आपल्या घरी राहिलेल्या परदेशी मुलीच्या परतीच्या विमानाची, दुसरी वर्षभर परदेशात राहिलेल्या आपल्या मुलीच्या येण्याची. मधे कधी चार दिवसांचं अंतर, कधी तीन आठवड्यांचं. एका बाजूने बॅगा भरायच्या, दुसऱ्या बाजूने कपाट रिकामं करायचं. तुमच्या घरी ही वेळ आली असेल, किंवा येत्या वर्षी येणार असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. (मुलगी म्हटलं आहे, पण मुलगा असला तरी सगळं तेच. फरक असलाच तर इतकाच, की मुलगे रडायला बाथरूममध्ये जातात.)

ज्यांना ही पद्धत ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. रोटरी युथ एक्स्चेंजमध्ये १५ ते १९ वर्षांचा विद्यार्थी साधारण एक शैक्षणिक वर्ष दुसऱ्या देशात राहतो, तिथल्या शाळेत जातो आणि तिथल्या कुटुंबात घरच्यासारखा वावरतो. हे यजमान कुटुंब राहण्याजेवणाचे पैसे घेत नाही. बदल्यात आपल्याकडे कुणीतरी येतं. एएफएस ही संस्थाही असेच विद्यार्थी पाठवते आणि आणते. युरोप-अमेरिकेतली मुलं जुलै-ऑगस्टमध्ये येतात आणि पुढच्या मे-जूनमध्ये जातात. ब्राझील किंवा ऑस्ट्रेलियासारख्या देशांचं वर्षच वेगळं असल्याने तिथली काही मुलं जानेवारीला येतात. तुमचं घर पुण्यात असो, इंदूरला असो की बडोद्याला, शेवटचे सहा आठवडे सगळीकडे सारखेच जातात.

आल्या आल्या वरणभाताकडे संशयाने बघणारी मुलगी आता आजीला विचारते, ‘आजी, चहा ठेवू?’ रिक्षावाल्याला ‘मीटरने चला’ म्हणते. घरातल्या सगळ्यांच्या आधी हिला कळतं की गॅस संपत आलाय. आणि नेमक्या याच वेळी ती विचित्र वागायला लागते. खोलीचं दार लावून बसते, तिकडच्या मैत्रिणींशी तासन्‌तास बोलते, साध्या गोष्टीवरून घरातल्या धाकट्याशी भांडते. यजमान आईला वाटतं, आपलं काहीतरी चुकलं. तसं नसतं. जायच्या आधी मनाने थोडं सुटून घ्यायचं, म्हणजे जाताना कमी दुखेल, असा हा खटाटोप असतो. सासरी जाणाऱ्या मुली लग्नाच्या आदल्या आठवड्यात आईवर उगाच चिडायच्या, आठवतंय ना? ती चिडचिड जशी पोटात घातली, तशी हीही घाला. मात्र त्या दिवसांत तिला घरातली रोजची कामं करू द्या. ‘आता पाहुणीच आहेस, बस’ असं म्हटलं की तिला खरंच पाहुणी झाल्यासारखं वाटतं.

शेवटची भटकंती

वर्षाच्या शेवटी फिरायला निघण्याची ही रीत जुनी आहे. एएफएसची मुळं पहिल्या महायुद्धात जखमींना नेणाऱ्या स्वयंसेवक रुग्णवाहिका चालकांमध्ये आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ मध्ये, त्यांनी शाळकरी विद्यार्थ्यांची देवाणघेवाण सुरू केली. त्या काळात अमेरिकेत आलेल्या परदेशी मुलांना वर्ष संपलं की बसमध्ये बसवून देश दाखवायचे. वाटेत हॉटेल नाही. प्रत्येक मुक्कामाच्या गावात तिथली कुटुंबं मुलांना वाटून घ्यायची, रात्रीपुरती. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अशा मुलांना राष्ट्राध्यक्ष केनेडी व्हाइट हाउसच्या हिरवळीवर भेटत असत. मग ती आपापल्या देशी परतत. रात्रीपुरत्या घरांतून फिरत फिरत देशाचा निरोप घेण्याची ही कल्पना मला आजच्या कुठल्याही पॅकेज टूरपेक्षा आवडते.

आपल्याकडे रोटरीचे जिल्हे परदेशी मुलांना एकत्र करून उत्तर भारत, दक्षिण भारत अशा सहली काढतात. दिल्ली-आग्रा-जयपूर तर असतंच. त्या सहलीत ही मुलं जगभरच्या पंचवीस-तीस जणांना भेटतात, कोटावरचे बिल्ले एकमेकांना देतात आणि परत येतात तेव्हा कोट इतका जड झालेला असतो की खुंटी वाकते. पण तुमच्या घरची शेवटची सहल वेगळी ठेवा. आणि ती ठरवण्याआधी नियम बघा. एक्स्चेंजवरच्या मुलांना मनात आलं म्हणून कुठेही जाता येत नाही. परगावचा प्रवास असला की तिच्या पालकांची, यजमान क्लबची आणि गरज असेल तिथे जिल्ह्याची लेखी परवानगी लागते. गाडी चालवायची नाही, हा नियम तर पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत. त्यामुळे शेतावर नेलंत तरी काकांच्या स्कूटरवर हात साफ करू देऊ नका, ती कितीही मागे लागली तरी.

तिचा पासपोर्ट आणि व्हिसा मूळ स्वरूपात बरोबर हवा. हॉटेलवाल्यांना परदेशी पाहुण्याची नोंद सी फॉर्ममध्ये २४ तासांत करावी लागते, म्हणून सगळी लहान लॉज अशा पाहुण्यांना खोली देत नाहीत. आधी फोन करून विचारा. सिक्कीम, अरुणाचल किंवा लडाखमधलं पँगाँग असा बेत असेल तर परदेशी नागरिकांना वेगळा परवाना लागतो आणि तो आयत्या वेळी मिळेल या भरवशावर निघू नये. वेरूळ मंगळवारी बंद, अजिंठा सोमवारी बंद, ताजमहाल शुक्रवारी बंद. तिकिटांची तयारीही ठेवा. ताजमहालला आपल्याला ५० रुपये पडतात तिथे तिला ११००. मुख्य घुमटाखाली जायचे २०० वेगळे, ते मात्र दोघींना सारखेच. खिडकीवर हा फरक बघून मुलं हिरमुसतात. ‘मी तर इथेच राहते ना?’ असं विचारतात. उत्तर द्यायला अवघड प्रश्न आहे, उसाचा रस पाजून वेळ निभावून न्यावी.

मे महिन्यात राजस्थान नको. त्यापेक्षा कोकणात न्या. आंब्याच्या झाडाखाली उभं राहून आंबा खाण्याचा अनुभव तिला तिच्या देशात कुठेच मिळणार नाही. तिचा मुक्काम जूनच्या मध्यापर्यंत असेल तर पावसाची वाट बघा. केरळात साधारण १ जूनला आणि मुंबईत ११ जूनच्या आसपास मोसमी पाऊस येतो. ज्या मुलीने मार्च ते मे आपल्याबरोबर घाम गाळला, तिला पहिल्या सरीत गच्चीवर उभं राहायला मिळालं पाहिजे. ज्येष्ठ संपता संपता आळंदी आणि देहूहून पालख्या निघतात. तुम्ही पुण्याजवळ असाल आणि तिची तारीख जुळत असेल, तर एखादा टप्पा तिच्याबरोबर चाला. समजावून काही सांगू नका. दोन तास चालली की तीच विचारेल, ही सगळी माणसं एकमेकांना ‘माउली’ का म्हणतात.

निरोप एक नसतो

रोटरीत मूल वर्षभर एकाच घरी राहत नाही. दोन-तीन घरं, कधी चारही होतात. म्हणजे निरोप घेण्याचा सराव तिला मधूनमधून होत आलेला असतो. शेवटी मात्र सगळी घरं एकदम आठवतात. पहिल्या घरच्या आईने तिला हाताने जेवायला शिकवलं, दुसऱ्या घरात दिवाळी झाली, तिसऱ्या घरात ती आजारी पडली होती. या सगळ्या घरांना एका संध्याकाळी एकत्र बोलवा. यजमान आयांमध्ये ‘माझ्याकडे ती जास्त रमली’ अशी बारीक चढाओढ असते. बोलून कुणी दाखवत नाही, पण पुरणपोळीच्या ताटात ती दिसते. एकत्र बसल्या की विरघळते.

क्लबच्या शेवटच्या सभेत तिला भाषण करावं लागतं. इंग्रजीत ती छान बोलेलच, पण चार वाक्यं मराठीत तिच्याकडून बसवून घ्या. शाळेतला निरोप वेगळा, सोसायटीतला वेगळा. आणि यात एक माणूस हमखास राहतो. रोज गेटवर सलाम करणारा वॉचमन, पोळ्यांना येणाऱ्या मावशी, शाळेच्या बसचे काका, यांच्याशी हिचं स्वतंत्र नातं जमलेलं असतं, तुम्हाला पत्ताही नसतो. जायच्या आठवड्यात तिला सांगा, कुणाकुणाला भेटायचंय त्याची यादी कर. त्या यादीत काही नावं बघून तुम्हालाच नवल वाटेल.

जगभरच्या एक्स्चेंज विद्यार्थ्यांत एक प्रथा आहे. ज्या देशात वर्ष काढलं त्याच्या झेंड्यावर सगळ्या मित्रमैत्रिणींच्या सह्या आणि निरोपाचे संदेश घ्यायचे, आणि तो झेंडा घरी नेऊन भिंतीवर लावायचा. तिला हे तिरंग्यावर करू देऊ नका. राष्ट्रीय सन्मानाच्या अवमानाला प्रतिबंध करणाऱ्या १९७१ च्या कायद्यानुसार तिरंग्यावर काहीही लिहिणं गुन्हा आहे. तिला हे माहीत असण्याचं कारण नाही, तिच्या मनात प्रेमच असतं. पांढरा झब्बा किंवा साधं उपरणं आणि कापडावरची पेनं आणून द्या. झब्ब्याचा एक फायदा असा की तो अंगात घालता येतो.

बॅगेत काय जातं आणि काय जात नाही

आपल्या घरांत निरोप म्हणजे शिदोरी. आणि इथेच घोळ होतो. युरोपीय संघातल्या देशांत बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांसाचे आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. फ्रान्स-जर्मनीच्या मुलीला तुम्ही प्रेमाने दिलेले पेढे विमानतळावरच्या पिंपात जाऊ शकतात. अमेरिकेत ताजा आंबा बॅगेतून नेता येत नाही. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड तर खाण्याच्या प्रत्येक वस्तूची नोंद करायला लावतात आणि लपवलं तर दंड करतात. गोडा मसाला, चिवडा, शंकरपाळे, पापड हे तुलनेने बिनधोक, दुकानातलं सीलबंद पाकीट असेल तर आणखी चांगलं. लोणचं चालतं, पण हातातल्या बॅगेत नाही, आणि दोन पिशव्यांत गुंडाळून. तेल सुटलं तर वर्षभराच्या आठवणी हळदीच्या होतात.

ओटी भरा, जरूर भरा. नारळ मात्र घरीच फोडून वड्या करा. सुकं खोबरं पटकन पेट घेणाऱ्या पदार्थांत मोडतं, म्हणून विमानात ते नेऊ देत नाहीत. मोरपीस कितीही सुंदर दिसलं तरी देऊ नका, त्याच्या निर्यातीला आपल्याकडे बंदी आहे. पणजीची समई किंवा जुन्या बाजारातली पितळी मूर्ती देण्याचा मोहही आवरा. शंभर वर्षांहून जुन्या वस्तू १९७२ च्या पुरातन वस्तूंच्या कायद्यानुसार देशाबाहेर नेता येत नाहीत, आणि एखादी वस्तू तेवढी जुनी नाही हे रात्री दोन वाजता कस्टमच्या टेबलावर सिद्ध करत बसणं कुणालाच नको असतं. त्यापेक्षा तिच्या मापाची नऊवारी शिवून द्या. रोज वापरत होती ती स्टीलची वाटी द्या. माझ्या मते वाटीच उत्तम. ती तिच्या स्वयंपाकघरात खरंच वापरली जाते.

कागदपत्रांचं आठवडाभर आधी उरका. व्हिसाची शेवटची तारीख आणि तिकिटाची तारीख शेजारी शेजारी ठेवून वाचा. ऐन वेळी विमान पुढे ढकललं गेलं आणि व्हिसा उलटून गेला, तर देश सोडण्यासाठी परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाकडून परवानगी घ्यावी लागते. तुमच्या नावावर घेतलेलं सिमकार्ड ती गेल्यावर बंद करा. शाळेचा हजेरीचा दाखला सही-शिक्क्यासह घ्या, कारण उन्हाळी सुट्टी लागली की तो देणारं माणूस गावाला गेलेलं असतं.

विमानतळाच्या दारात

परदेशी जाणारी विमानं बहुधा मध्यरात्रीनंतर सुटतात. आणि आपल्या विमानतळांवर तिकीट असलेल्यालाच आत सोडतात. दाराशी सुरक्षा दलाचा जवान तिकीट आणि पासपोर्ट बघतो, मागे ट्रॉल्यांची रांग, शेजारी गाडी हलवा म्हणून शिट्ट्या. वर्षभराचा निरोप त्या दोन मिनिटांत मावत नाही. म्हणून खरा निरोप घरी घ्या. देवाला नमस्कार, आजीने हातावर घातलेलं दही, उंबऱ्यापाशी थोडं थांबणं, हे सगळं शांतपणे होऊ द्या. आजोबांना परदेशी पद्धतीने मिठी मारून घ्यायची सवय नसते. ते अवघडतात, मग तिच्या पाठीवर दोन थापट्या मारतात. तेवढ्याने होतं.

आपण निघताना ‘जाते’ म्हणत नाही, ‘येते’ म्हणतो. हे तिला वर्षभरात कुणीतरी शिकवलेलं असतंच. जर्मन मुलगी चटकन सांगेल की त्यांच्या ‘आउफ विडरझेएन’चाही अर्थ ‘पुन्हा भेटू’ असाच, आणि फ्रेंच ‘ओ रव्हार’चाही तोच. तिने दारातून वळून ‘येते, आई’ म्हटलं की त्या क्षणाला काय होतं ते तुम्हाला सांगायची गरज नाही. गाडीत रुमाल जास्तीचे ठेवा.

तिकडे ती पोहोचल्यावर चार दिवस फोन येणार नाही. मन खट्टू होऊ देऊ नका. आता तिच्या आईची पाळी आहे.

आणि आता आपली

इकडे हे चालू असतं तेव्हा तुमची स्वतःची मुलगी तिकडे नेमक्या याच अवस्थेत असते. ती अमेरिकेत असेल तर इयरबुक हातात घेऊन वर्गभर सह्या गोळा करत असते. इयरबुक म्हणजे शाळेचा वर्षभराचा छापील अल्बम, त्यातल्या कोऱ्या जागेत मुलं एकमेकांना मोठमोठे निरोप लिहितात. तिचेही पाय निघत नसतात. अशा वेळी रोज फोन करून ‘किती दिवस राहिले गं?’ विचारू नका. तुम्हाला तिची ओढ आहे हे तिला ठाऊक आहे. त्या प्रश्नाला आनंदाने उत्तर देता येत नाही म्हणून तिला अपराधी वाटतं.

आणि एक बोचरी गोष्ट. ती तिथल्या बाईला ‘मॉम’ म्हणते. व्हिडिओ कॉलवर ते पहिल्यांदा कानावर पडतं तेव्हा पोटात कुठेतरी लागतं. बहुतेक आया हे नवऱ्यालासुद्धा सांगत नाहीत. पण विचार करा, वर्षभर तुम्हीही कुणाच्या तरी मुलीकडून ‘आई’ ऐकत होता आणि तुम्हाला ते किती आवडत होतं. तुमची मुलगी निघण्याआधी तिच्या त्या दुसऱ्या आईला एक फोन करा. इंग्रजी मोडकं असलं तरी चालेल. तापात तिच्या उशाशी कोण बसलं होतं, एवढं विचारलंत आणि आभार मानलेत तरी पुरे.

परतल्यावर पहिले आठ दिवस मौज असते. झोपेचं वेळापत्रक उलटं, बॅगेतून निघणाऱ्या वस्तू, तिखट लागणारं तिखट. त्यानंतर ती गप्प होते. यावर अभ्यास झालेला आहे. १९५५ मध्ये लिसगार्ड या नॉर्वेच्या संशोधकाने अमेरिकेत राहून आलेल्या नॉर्वेजियन लोकांशी बोलून मांडलं होतं की परक्या देशात माणूस आधी हरखतो, मग खचतो, मग सावरतो. १९६३ मध्ये गलाहॉर्न पतिपत्नींनी त्यात भर घातली की घरी परतल्यावर हेच सगळं पुन्हा एकदा होतं. जाताना मुलीची तयारी करून घेणारे बरेच असतात. येताना मात्र सगळे गृहीत धरतात की घरीच तर येतेय, त्यात काय.

त्यात बरंच काही असतं. दहावीनंतर गेली असेल तर तिच्या मैत्रिणी आता बारावीच्या उंबरठ्यावर, आणि ही अकरावीच्या वर्गात नव्या चेहऱ्यांत. तिच्याकडे सांगण्यासारखं वर्षभराचं आहे आणि ऐकणाऱ्यांना पाच मिनिटांत कंटाळा येतो. ‘आमच्या तिथे असं नाही’ हे वाक्य ती दिवसातून दहादा म्हणेल. काका चिडवतील, ‘आली मोठी फॉरेनची!’ काकांना आवरा. आल्या आल्या चार नातेवाइकांकडे जेवायला ओढून नेऊ नका. तिला तिथली एखादी भाजी, एखादा केक करायचा असेल तर स्वयंपाकघर तिच्या ताब्यात द्या, पसारा होईल तो होऊ द्या. रात्री नऊला एकटीने चालत दुकानात जायची तिथे सवय झालेली असते. इथे तुम्ही नको म्हणाल, ती वाद घालेल. तुमच्या शहरात ते कितपत शक्य आहे हे शांतपणे बसून ठरवा. तिला तिथे वर्षभर पेललेली जबाबदारी इथे उतरल्यावर एका दिवसात काढून घेतल्यासारखं होऊ नये.

मधल्या काळात कधीतरी खोलीची अडचण निघतेच. कपाटाच्या दारावर आतल्या बाजूने गेलेल्या पाहुणीने चिकटवलेले फोटो असतात, खणात तिची राहिलेली केसांची पिन, एक मोजा. तुमची मुलगी विचारेल, हे काढू का? दोघी एकमेकींना कधी भेटलेल्याही नसतात, तरी एकाच पलंगावर वर्ष काढलेल्या असतात. त्यांना व्हिडिओ कॉलवर समोरासमोर बसवा. ब्राझील आपल्यापेक्षा साडेआठ तास मागे आहे, तेव्हा इकडे संध्याकाळचा चहा आणि तिकडे सकाळचा नाश्ता अशी वेळ जमते. तुम्ही मधे बसू नका. त्या दोघी तुमच्याबद्दलच बोलणार असतात, वरणाला फोडणी कधी घालतात, बाबा पेपर वाचताना काय पुटपुटतात, आजीला नक्की कुठल्या कानाने ऐकू येतं. बाहेरच्या खोलीतून हसणं ऐकू आलं की समजा फोटो आहेत तिथेच राहणार.

राहिलेला मोजा पुढच्या पार्सलमध्ये टाका. बरोबर गोडा मसालाही पाठवा, तोवर तिचा संपत आलेला असेल.